जो लुईस : एका जगज्जेत्याची शेवटची वर्षे



या व्यासपीठावरून संतांविषयी, सेनापतींविषयी आणि शास्त्रज्ञांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही एका मुष्टियोद्ध्याविषयी बोलणार आहोत, आणि तेही त्याच्या भरभराटीच्या काळाविषयी नव्हे, तर त्याचे हात मंदावू लागले तेव्हापासूनच्या काळाविषयी. कामगार संघटनेत हाडे झिजवलेल्या माणसाने ठोसेबाजीच्या भानगडीत कशाला पडावे, असे व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी आम्हांला हसत हसत विचारले. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, हा विषय ठोशांचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. उचल, कपात, ठेकेदार आणि वय हे शब्द ज्याने आयुष्यभर ऐकले, त्याला जो लुईसची कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

पूर्ववृत्त थोडक्यात सांगतो. जो लुईस बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. घरची मंडळी दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने कापूस पिकवीत. आजे-पणजे गुलाम होते. बाप वेड्यांच्या इस्पितळात गेला, आईने दुसरे लग्न केले, आणि १९२६ साली हे सारे खटले उत्तरेस डेट्रॉइट शहरी आले. तिथे मोटारींचे कारखाने होते आणि काळ्या माणसालाही तिथे मजुरी मिळत असे. पोरगाही कारखान्यात काम करून आला. मग मंदी आली, काम गेले, आणि कुटुंब नगरपालिकेच्या मदतीवर जगू लागले. ही मदत पुढे जोने हाती पैसा येताच डेट्रॉइट शहराला परत केली. त्याच्यावर तशी सक्ती कोणी केली नव्हती. देणे म्हणजे देणे, अशी त्याची समजूत होती. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे याच माणसाला सरकारचे देणे बुडवणारा म्हणून वर्षानुवर्षे वागवण्यात आले.

४ जुलै १९३४ रोजी तो धंदेवाईक मुष्टियुद्धात उतरला. पहिल्या लढतीची बिदागी ५९ डॉलर. तीन वर्षांत, २२ जून १९३७ रोजी, शिकागो येथे जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत आडवे करून तो हेवीवेट गटातील जगज्जेता झाला. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने १९३६ साली त्याला हरवले होते. त्याचा वचपा त्याने २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर १२४ सेकंदांत काढला. हिटलरच्या काळात एका काळ्या माणसाने जर्मन गड्याला पहिल्याच फेरीत लोळवले, तेव्हा साऱ्या अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतले. लोक ही कथा इथपर्यंत सांगतात आणि थांबतात. आम्हांला मात्र इथूनच पुढे जायचे आहे.

परंतु तत्पूर्वी त्याच्या कराराकडे एक नजर टाकली पाहिजे. त्याचे दोन मॅनेजर होते, जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक. दोघेही काळे, दोघेही व्यवहारी. आणि रॉक्सबरोचा मूळ धंदा आपल्याकडच्या मटक्यासारख्या आकड्यांच्या जुगाराचा. पोराला त्यांनी सांभाळले, वळण लावले, हेही खरे. पण कमाईचा निम्मा वाटा त्यांचा. सामने भरवण्याचा ठेका माइक जेकब्ज़ नावाच्या गृहस्थाकडे. जगज्जेतेपदाची संधी मिळावी म्हणून ब्रॅडॉकच्या मॅनेजरशी जो सौदा झाला, त्यात पुढील दहा वर्षे हेवीवेट जगज्जेतेपदाच्या लढतींतून जेकब्ज़ला होणाऱ्या नफ्याचा दहावा हिस्सा ब्रॅडॉकच्या पक्षाला द्यायचा होता. म्हणजे जो माणूस हरला, त्याचेही वतन चालू राहिले. रिंगणात दोनच माणसे दिसतात. बिदागीला हात लावणारे किती असतात, ते हिशेबाची वही उघडल्यावर कळते.

आता युद्धाकडे येऊ. ९ जानेवारी १९४२ रोजी लुईसने बडी बेअरला पहिल्याच फेरीत हरवले आणि आपली बिदागी नौदलाच्या मदत निधीस दिली. त्या काळी अमेरिकेच्या नौदलात काळ्या माणसाला भोजनगृहात वाढपी म्हणून घेत, दुसरे काम देत नसत. काळ्यांच्या वृत्तपत्रांनी विचारलेच, की या नौदलाला दान कशासाठी? लुईस वाद घालणारा माणूस नव्हता. लगेच तो स्वतः लष्करात साधा शिपाई म्हणून दाखल झाला. महिना २१ डॉलर पगार. मार्चमध्ये एब सायमनला हरवून त्याने ती बिदागी लष्कराच्या मदत निधीस दिली. मग पुढची जवळजवळ चार वर्षे त्याने छावण्या-छावण्यांतून शिपायांसमोर शंभराच्या आसपास प्रदर्शनी लढती केल्या, आणि त्यांचा पैसा घेतला नाही.

पण घर चालायचे होते. त्याचा हात सैल होता. मागेल त्याला तो देई, आणि मागणारे पुष्कळ. शिवाय १९४१ च्या कमाईवरचा कर बाकी होता, तो सैन्यात असेपर्यंत तहकूब ठेवलेला. तेव्हा तो माइक जेकब्ज़कडून उचल घेत गेला. युद्ध संपले तेव्हा ही उचल लाख डॉलरच्या वर गेली होती.

श्रोतेहो, उचल हा शब्द आमच्या कामात रोजचा आहे. दिवाळीला घेतलेली उचल शिमग्यापर्यंत फेडणारी आणि ती फिटण्याआधीच पावसाळ्याची उचल घेणारी माणसे आम्ही शेकड्यांनी पाहिली आहेत. उचल घेतलेला माणूस वरकरणी मोकळा असतो. त्याला कुठे जाऊ नको असे कोणी म्हणत नाही. फक्त तो जिथे जाईल तिथे त्याची पुढची मजुरी अगोदरच खर्ची पडलेली असते. लुईस १९४५ च्या ऑक्टोबरात लष्करातून सुटला तेव्हा एकतीस वर्षांचा होता, जगज्जेता होता, छातीवर सन्मानचिन्ह होते, आणि पुढची मोठी बिदागी त्याने आधीच खाल्लेली होती.

ही बिदागी त्याला १९ जून १९४६ रोजी मिळाली. प्रतिस्पर्धी बिली कॉन. याच कॉनने १९४१ साली त्याला बारा फेऱ्या झुलवले होते आणि तेराव्या फेरीत अति आत्मविश्वासापायी मार खाल्ला होता. आता दोघेही पाच वर्षांनी थोराड झालेले. रिंगणाजवळच्या खुर्चीचे तिकीट शंभर डॉलर. तिकिटांचे उत्पन्न एकोणीस लाख डॉलरच्या वर गेले. लढत मात्र रटाळ झाली; आठव्या फेरीत कॉन पडला. लुईसच्या नावे सव्वासहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम निघाली. त्याच्या साऱ्या आयुष्यातील ही सर्वांत मोठी कमाई.

आता वही उघडू. यातून मॅनेजरचा वाटा गेला. जेकब्ज़ची उचल गेली. घटस्फोटित पत्नीचे देणे गेले. न्यूयॉर्क राज्याने आपला कर घेतला. जे उरले त्यातून लुईसने आपली आणि इतरांची जुनी देणी भागवली, नव्या धंद्यांत पैसे घातले. शिकागोत एक नाचगाण्याचे हॉटेल होते, त्याच्या नावाचे एक सरबत बाजारात आले होते, चेंडूफळीसारख्या सॉफ्टबॉल खेळाचा एक संघ तो आपल्या खर्चाने फिरवीत होता. यांपैकी काहीही टिकले नाही. आणि हे सारे झाल्यावर केंद्राचे प्राप्तीकर खाते दाराशी आले. युद्धोत्तर अमेरिकेत कराचा वरच्या टप्प्यावरचा दर कागदोपत्री ९१ टक्के होता. दर मोठा होता याबद्दल आमची तक्रार नाही. धनिकांवर तो असावा या मताचे आम्ही आहोत. पण कारखानदाराला दरसाल मिळकत असते, मुष्टियोद्ध्याला चार वर्षांत एक संध्याकाळ असते. चार वर्षे फुकट लढलेल्या माणसाची चार वर्षांची कमाई एका वर्षात धरली गेली. अशी चढउताराची मिळकत काही वर्षांत विभागून कर आकारण्याची सर्वसाधारण सोय अमेरिकेच्या कायद्यात १९६४ साली आली. तोवर लुईस पन्नाशीला पोचला होता.

इथे एका लोकप्रिय कथेविषयी बोलणे भाग आहे. पुष्कळजण सांगतात की, त्याने देशाला दान दिले आणि सरकारने त्या दानावरच कर लावून त्याला भिकेला लावले. त्या दानाने त्याला करात काही सवलत मिळाली नाही, असे त्याच्या बाजूने लिहिणारे सांगतात, आणि त्यातला कडवटपणा समजण्याजोगा आहे. परंतु दोन्ही दाने मिळून लाख डॉलरही होत नव्हती. कर्जाचा डोंगर मुख्यतः युद्धानंतरच्या कमाईवरचा, हिशेबनिसांनी धरलेल्या आणि खात्याने नाकारलेल्या वजावटींचा, त्याच्या नावाच्या कंपनीतून कर्ज म्हणून काढलेल्या पण खात्याने उत्पन्न मानलेल्या रकमांचा, आणि या सगळ्यावर चढत जाणाऱ्या व्याजाचा होता. दानाची कथा ऐकायला बरी वाटते, कारण तीत एकच खलनायक आहे. खरा हिशेब सांगू लागले म्हणजे मॅनेजर, ठेकेदार, हिशेबनीस, खाते आणि खुद्द लुईस असे सगळेच त्यात येतात. १९५० च्या सुमारास खात्याची मागणी पाच लाख डॉलरच्या घरात होती. पुढे काही वर्षांत ती दहा लाखांच्या वर गेली.

दरम्यान शरीर आपला हिशेब करीत होते. ५ डिसेंबर १९४७ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याची गाठ जर्सी जो वॉलकॉटशी पडली. वॉलकॉट त्याच्याहून तीन-साडेतीन महिन्यांनी मोठाच. सहा मुलांचा बाप. कधी लढत, कधी मजुरी, कधी सरकारी मदत अशा चक्रातून आलेला. त्याला कोणी खिजगणतीत धरले नव्हते. या माणसाने लुईसला पहिल्या फेरीत पाडले आणि चौथ्या फेरीत पुन्हा पाडले. पंधरा फेऱ्या झाल्या. निकाल लागण्यापूर्वीच लुईस रिंगणातून निघून जाऊ पाहत होता. आपण हरलो असे त्याला वाटले होते. दोन परीक्षकांनी लुईसला कौल दिला. रिंगणातले पंच रूबी गोल्डस्टीन यांनी वॉलकॉटला दिला. हे नाव पुन्हा येणार आहे. लुईसने वॉलकॉटची क्षमा मागितली असे सांगतात. पुढच्या वर्षी, २५ जून १९४८ रोजी, त्याने वॉलकॉटला अकराव्या फेरीत गारद केले खरे, पण तिथेही तिसऱ्या फेरीत तो स्वतः एकदा खाली बसला होता. जगज्जेतेपद राखण्याची ही पंचविसावी वेळ. एवढ्या वेळा ते त्यापूर्वी कोणी राखले नव्हते.

१ मार्च १९४९ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. अकरा वर्षे आठ महिने तो जगज्जेता होता आणि अजिंक्य राहून गेला. इथे कोणी कीर्तनकार असता तर त्याने आरती म्हटली असती. पण या निवृत्तीच्या पोटात एक सौदा होता, आणि आमच्या मते लुईसच्या साऱ्या चरित्रातले सर्वांत बोलके पान तेच आहे.

झाले असे. माइक जेकब्ज़ आजारी पडला होता आणि सामन्यांचा ठेका मोकळा होत होता. जेम्स नॉरिस आणि आर्थर वर्ट्झ या दोन धनाढ्यांची क्रीडागृहांवर मालकी होती. लुईसने आपले पद सोडावे, त्या पदासाठी लढू शकणाऱ्या चार प्रमुख गड्यांचे करार आपल्या नावावर करून घ्यावेत आणि ते नव्या कंपनीला द्यावेत, असे ठरले. चार गडी म्हणजे एझर्ड चार्ल्स, जर्सी जो वॉलकॉट, ली सॅव्होल्ड आणि गस लेस्नेविच. मोबदला दीड लाख डॉलर रोख, सालिना पगार आणि कंपनीत हिस्सा. या कंपनीचे नाव इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब. जून १९४९ ते मे १९५३ या काळात अमेरिकेत झालेल्या जगज्जेतेपदाच्या ४४ लढतींपैकी ३६ लढती या क्लबच्या हातात होत्या. ज्याला मोठी लढत हवी त्याने यांच्या अटींवर सही करावी, नाहीतर घरी बसावे. या धंद्याच्या सावलीत फ्रँकी कार्बोसारखे गुंड पोसले गेले. त्याला १९६१ साली खंडणीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. सरकारने या मक्तेदारीवर खटला भरला. मुष्टियुद्धालाही मक्तेदारीविरोधी कायदा लागू आहे असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली ठरवले, आणि १९५९ साली क्लब मोडण्याचा हुकूम कायम केला.

लुईसला आम्ही यात निर्दोष म्हणणार नाही. ज्या चौघांच्या सह्या त्याने आणल्या ते त्याच्यासारखेच घाम गाळणारे होते. संघटनेत आम्ही अशी माणसे पाहिली आहेत. खात्यातला उत्तम कारागीर, सर्वांचा आवडता, आणि निवृत्तीच्या तोंडावर मालकाच्या वतीने इतरांना कागदावर सही करायला सांगणारा. रागावण्याआधी त्याचे घर पाहावे लागते. लुईसचे घर कर्जाने भरले होते. मुष्टियोद्ध्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, उपदान नाही, निवृत्तिवेतन नाही. त्याच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे आपले पद. ती त्याने विकली. तो दीड लाखही देण्यात गेला.

म्हणून दीड वर्षातच तो परतला. २७ सप्टेंबर १९५० रोजी यांकी स्टेडियमवर त्याची लढत एझर्ड चार्ल्सशी झाली. सही घेणारा लुईस आणि सही देणारा चार्ल्स आता समोरासमोर, आणि सामना भरवणारी कंपनी तीच. चार्ल्स एकोणतीस वर्षांचा, चपळ, लुईसला लहानपणापासून मानणारा. लुईस छत्तीस वर्षांचा, २१८ पौंड वजनाचा. सामना दूरचित्रवाणीवर घरबसल्या दिसत होता म्हणून मैदानावर बावीस हजारांच्या आसपासच लोक आले. कॉनच्या वेळच्या निम्मे. पंधरा फेऱ्या चार्ल्सचे डावे हात लुईसच्या तोंडावर येत राहिले. लुईसला ते दिसत होते. हात मात्र वेळेवर उठत नव्हता. चौदाव्या फेरीत तो जवळजवळ कोसळलाच होता. निकाल एकमताने चार्ल्सच्या बाजूने लागला. लुईसने पुन्हा निवृत्तीची भाषा केली. त्याला लाखभर डॉलर मिळाले, आणि ते कुठे गेले हे सांगायला नको.

दोन महिन्यांत तो पुन्हा रिंगणात होता. नोव्हेंबर १९५० ते ऑगस्ट १९५१ या नऊ महिन्यांत त्याने आठ लढती केल्या : शिकागो, डेट्रॉइट, मायामी, सॅन फ्रान्सिस्को, पुन्हा डेट्रॉइट, न्यूयॉर्क, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, बाल्टिमोर. आठही जिंकला. पूर्वीचा जगज्जेता वर्षाला दोन-तीन मोठे सामने खेळतो. हा आता फिरत्या दुकानदारासारखा गावोगाव जात होता. जूनमध्ये ली सॅव्होल्डला त्याने सहाव्या फेरीत झोपवले. हा सामना घरच्या दूरचित्रवाणीवर न दाखवता तिकीट लावून काही शहरांतील चित्रपटगृहांत दाखवला गेला. पैशाची ही नवी वाट होती. पुढच्या पिढीतले मुष्टियोद्धे तिच्यावर कोट्यधीश झाले. लुईस तिच्या पहिल्या पायरीवर होता तेव्हा त्याचे पाय थकले होते. सॅव्होल्ड पडला म्हणून वृत्तपत्रांनी लिहिले, की जुना लुईस परत आला. लुईसला स्वतःला काय वाटत होते कोण जाणे. पण उरलेले प्रतिस्पर्धी तो निवडून घेत होता असे नाही, मिळेल ती बिदागी घेत होता.

शेवटची लढत २६ ऑक्टोबर १९५१ ची. प्रतिस्पर्धी रॉकी मार्सियानो. वय अठ्ठावीस, ब्रॉक्टन गावच्या बूट कारखान्यात राबणाऱ्या इटालियन कामगाराचा मुलगा, तोवर एकही लढत न हरलेला. लुईस सदतीस वर्षांचा. त्याचे वजन मार्सियानोहून पंचवीसेक पौंड जास्त, हात लांब, आणि पैज लावणारांचा कौलही किंचित त्याच्याच बाजूने. मॅडिसन स्क्वेअर गार्डन सतरा हजार माणसांनी भरले होते. पंच कोण? तेच रूबी गोल्डस्टीन.

पहिल्या काही फेऱ्या लुईसने आपल्या डाव्या हाताने त्या आडदांड पोराला अंतरावर ठेवले. त्याचा उजवा हात हे त्याचे खरे अस्त्र. पण तो हात जणू घरी ठेवून आला होता. सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत पाय जड झाले. आठव्या फेरीत मार्सियानोचा डावा हात जबड्यावर बसला आणि लुईस खाली गेला. आठ आकडे मोजेपर्यंत तो एका गुडघ्यावर थांबला आणि उठला. मग पुन्हा डावा, पुन्हा डावा आणि मागोमाग उजवा. लुईस दोरखंडांमधून मागे बाहेरच्या कठड्यावर पडला, एक पाय आत दोरावर राहिलेला. गोल्डस्टीनने मोजणी पुरी केली नाही. हात हलवून लढत थांबवली. लुईसचा मित्र शुगर रे रॉबिन्सन, जो स्वतः त्या वेळी मिडलवेट गटातील जगज्जेता होता, धावत त्याच्याजवळ गेला. मार्सियानो नंतर लुईसच्या खोलीत येऊन रडला. बालपणी ज्याची चित्रे पाहिली त्याला आपल्या हाताने पाडावे लागले, याचे ते रडे होते.

६९ लढती, ६६ विजय, तीन पराभव. तिन्ही पराभवांत दोन या शेवटच्या तेरा महिन्यांतले. सबंध कारकिर्दीत त्याच्या हातांनी सेहेचाळीस लाख डॉलर मिळवले आणि त्यांतले आठ लाखांच्या आसपास त्याच्या वाट्याला आले, असे आकडे दिले जातात.

जाता जाता रॉबिन्सनविषयी एक गोष्ट सांगतो. कार्मेन बॅसिलिओविरुद्धच्या १९५७ च्या लढतीची बिदागी एकदम न घेता काही वर्षांत विभागून घेण्याचा करार त्याने आधीच करून घेतला, आणि प्राप्तीकर खात्याने आक्षेप घेतल्यावर कर न्यायालयात जाऊन १९६५ साली ते प्रकरण जिंकले. कठड्यावर पडलेल्या मित्राजवळ धावून जाणाऱ्या माणसाने ही अक्कल कुठून घेतली असेल, याचा अंदाज श्रोत्यांनी करावा. अर्थात रॉबिन्सनही अखेरीस कफल्लकच झाला. पण ते दुसरे व्याख्यान आहे.

रिंगणाबाहेरच्या लुईसविषयी सांगताना १९५२ च्या जानेवारीतला एक प्रसंग टाळता येत नाही. सॅन दिएगो येथील गोल्फ स्पर्धेत त्याला निमंत्रण होते. धंदेवाईक गोल्फ खेळाडूंच्या अमेरिकन संघटनेच्या नियमांत त्या काळी फक्त गोऱ्यांनाच सभासदत्व, असे चक्क लिहिलेले होते. लुईसने वृत्तपत्रांतून बोभाटा केला. अखेर त्याला हौशी खेळाडू म्हणून खेळू दिले. धंदेवाईक काळ्या खेळाडूला मात्र वगळले. तो नियम १९६१ साली रद्द झाला. वादाला न धजणारा म्हणून ज्याची ख्याती, तो कर्जात बुडालेला असताना, हरून आल्यावर तीन महिन्यांच्या आत, हे बोलला. आम्हांला तो श्मेलिंगवरच्या विजयाइतकाच मोठा वाटतो.

१९५३ साली त्याची आई वारली. तिने मागे ठेवलेले साडेसहाशेहून थोडे अधिक डॉलर खात्याने घेतले. मुलांसाठी ठेवलेला निधीही गेला. १९५६ साली, बेचाळिसाव्या वर्षी, तो पैशासाठी कुस्तीच्या आखाड्यात उतरला. आपल्याकडच्या मातीतल्या कुस्तीचे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. ही अमेरिकेतली आधी ठरवलेली, प्रेक्षकांच्या करमणुकीची कुस्ती. तिथेही त्याच्या छातीला दुखापत झाली आणि वैद्यकीय तपासणीनंतर ते कामही सुटले. १९५९ साली त्याने मार्था जेफर्सन या वकील बाईंशी लग्न केले. त्यानंतर खात्याशी समजुतीची बोलणी झाली आणि पुढे त्याच्या चालू मिळकतीवरचाच कर घेऊन मागची बाकी न रेटण्याचे धोरण खात्याने धरले. एकरकमी माफी अशी मात्र कधी झाली नाही.

१९७० साली त्याच्या मनावर परिणाम झाला म्हणून त्याला डेन्व्हर येथे इस्पितळात ठेवावे लागले. नंतर लास व्हेगास येथील सीझर्स पॅलेस या जुगारगृहाने त्याला नोकरी दिली. काम एवढेच की दाराशी उभे राहावे, येणाऱ्यांशी हात मिळवावा, सह्या द्याव्यात, गरज पडल्यास मालकाच्या पैशाने खेळाच्या टेबलावर बसावे. पुष्कळांनी याला अपमान म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही. पगार नियमित होता, राहायला घर होते, आणि लोक त्याला पाहून खूश होत. अपमान झाला असेल तर तो आधी, आठ लढतींच्या त्या नऊ महिन्यांत झाला होता.

१९७७ साली हृदयाजवळच्या धमनीवर शस्त्रक्रिया झाली, मग अर्धांगाचा झटका आला, आणि तो चाकांच्या खुर्चीत बसला. जुना शत्रू श्मेलिंग, जो युद्धानंतर जर्मनीत शीतपेयांच्या धंद्यात संपन्न झाला होता, १९५४ पासून त्याला भेटत असे आणि मदतही करी. ११ एप्रिल १९८१ रोजी सीझर्स पॅलेसमध्येच लॅरी होम्सची जगज्जेतेपदाची लढत होती. लुईसला खुर्चीतून रिंगणाजवळ आणून बसवले. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो वारला. कॅलिफोर्निया राज्याने मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतनाची योजना केली ती त्याच्या पुढच्या वर्षी, १९८२ साली.

आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत पुरण्याचे जे नियम आहेत त्यांत तो बसत नव्हता. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल केला. तिथे त्याच्या दगडावर नाव आहे, लष्करातला हुद्दा आहे, आणि जगज्जेता, १९३७ ते १९४९, असे कोरलेले आहे. पुढची दोन वर्षे त्या दगडावर नाहीत.